मुलाला कोणत्या माध्यमात घालू? मुंबईतल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत मी बरीच वर्षं संध्याकाळची अभ्यासिका चालवते. जानेवारी उजाडला की दारात पालक यायला लागतात. कुणी घरकाम करणारी ताई, कुणी रिक्षावाले दादा, कुणी नाक्यावर उभे राहणारे बिगारी. मुलाचं वय सहा, हातात कुठल्यातरी शाळेचं रंगीत पत्रक, आणि तोंडात एकच प्रश्न: "बाई, कोणत्या मीडियमला टाकू?" हा प्रश्न पुढे दहा-बारा वर्षांचा खर्च ठरवतो, कधीकधी पोरगं दहावीपर्यंत टिकेल की नाही तेही ठरवतो. तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरलं जातं, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

माध्यमाने इतका फरक पडतो का? शाळा चांगली असली की झालं ना?

पडतो. एक प्रसंग सांगते. इंग्रजी माध्यमातला तिसरीचा मुलगा गणिताची वही घेऊन बसला होता. प्रश्न होता, 'फाइंड द डिफरन्स बिटवीन ५२ अँड ३७'. त्याने उत्तराच्या जागी काहीच लिहिलं नव्हतं. मी विचारलं, यात काय विचारलंय? तो म्हणाला, "फरक विचारलाय. हा मोठा नंबर आहे, तो छोटा आहे." 'डिफरन्स' म्हणजे फरक हे त्याला ठाऊक होतं. गणिताच्या पुस्तकात त्याच शब्दाचा अर्थ वजाबाकी होतो, हे त्याला कुणी समजेल अशा भाषेत सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्याकडे बावन्न रुपये होते, सदतीस खर्च झाले..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "पंधरा उरले." वहीवर मात्र त्या गणितासमोर लाल फुली होती. वर्षभर अशा फुल्या पाहिल्या की मूल स्वतःच ठरवतं, आपल्याला गणित येत नाही. हे एकदा मनात बसलं की काढायला फार वेळ लागतो.

भाषा आणि समज किती घट्ट बांधलेल्या असतात ते मराठीतही दिसतं. 'बावन्न' म्हणताना आपण आधी दोन उच्चारतो आणि मग पन्नास, लिहिताना मात्र आधी पाच. म्हणून २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास दोन' अशीही वाचनाची पद्धत दिली गेली. त्यावरून महाराष्ट्रभर वाद पेटला. बाजू कोणतीही घ्या, पण संख्येच्या नावातला एक उलटा क्रमसुद्धा सात वर्षांच्या मुलाला अडखळवतो, हे त्या वादातून दिसलं. ज्या मुलाला अख्खं पुस्तकच परक्या भाषेत आहे, त्याच्यापुढे केवढी अडचण असेल!

ही अडचण एकट्या मुंबईची नाही. युनेस्कोने २०१६मध्ये मांडलं की जगातल्या सुमारे ४० टक्के लोकांना स्वतः बोलतात किंवा समजतात अशा भाषेत शिक्षण मिळत नाही. जागतिक बँकेच्या २०२१च्या अहवालानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली ३७ टक्के मुलं आपल्याला सर्वांत चांगल्या येणाऱ्या भाषेत शिकत नाहीत.

पण इंग्रजी आलं की पगार जास्त मिळतो, हे खरं आहे ना?

अगदी खरं आहे, आणि पालकांपासून ते लपवू नये. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २००५च्या देशव्यापी पाहणीवरून हिशेब मांडला, तो २०१३मध्ये छापून आला. अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची कमाई अजिबात इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्के जास्त निघाली. थोडंफार इंग्रजी येणाऱ्यांची १३ टक्के जास्त.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हा फायदा जास्त शिकलेल्यांना भरपूर झाला, कमी शिकलेल्या तरुणांना फारच कमी. म्हणजे इंग्रजीची किंमत शिक्षणाच्या सोबतीने मिळते. बारावी, पदवी, आयटीआय, नर्सिंग असं काहीतरी हातात असेल तर इंग्रजी त्यात भर घालतं. नववीत शाळा सुटली तर 'हाऊ आर यू, आय अॅम फाइन' एवढ्यावर कुठलाही मॉल जास्त पगार देत नाही. म्हणून मी पालकांना उलट प्रश्न विचारते: या शाळेतून तुमचं मूल बारावीपर्यंत पोचेल का? इंग्रजीचा विचार त्यानंतर.

आमच्या वडिलांचं मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकून भागलं. आता का भागत नाही?

कारण त्यांना नोकरी लावणारी माणसं वेगळी होती. लालबाग-परळच्या गिरण्यांत भरती व्हायची ती गावच्या, भावकीच्या, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर. मामाने मुकादमाला सांगितलं की भाचा साच्यावर, म्हणजे मागावर, उभा. तिथे इंग्रजीचं कामच नव्हतं. मग १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि ती ओळखीची वाटही बंद झाली. नव्वदच्या दशकात शहरात नवी कामं आली ती बँकेची, विम्याची, कॉल सेंटरची, संगणकाची. तिथे मामाची ओळख चालत नव्हती.

या बदलाचा एक बारकाईचा अभ्यास आपल्या दादरमध्येच झाला आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी तिथल्या शाळांतून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या सुमारे ४,९०० मराठी कुटुंबांची पाहणी केली आणि १९८२ ते २००१ या काळात कोणी कोणतं माध्यम निवडलं ते तपासलं. २००६मध्ये तो छापला गेला. त्यात दिसलं की कष्टकरी जातींतल्या मुलग्यांना घरच्यांनी मराठी माध्यमातच ठेवलं, कारण जुन्या कामाच्या ओळखी अजून त्यांच्या उपयोगी पडत होत्या. मुलींना त्या ओळखींचा कधीच फायदा नव्हता, म्हणून त्याच घरांतल्या मुली मात्र झपाट्याने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. बाजार बदलला तेव्हा बहिणींच्या हाती नवं काही होतं, भावांच्या हाती बंद पडत चाललेल्या कामाच्या ओळखी. तो अभ्यास वाचला आणि माझ्या ओळखीची कितीतरी घरं डोळ्यापुढे आली.

म्हणून इंग्रजीची ओढ म्हणजे देखावा किंवा शेजाऱ्याची नक्कल आहे असं मी कधीच म्हणत नाही. ती या शहरात पोळलेल्या घरांची ओढ आहे. प्रश्न एवढाच आहे की इंग्रजीपर्यंत पोचायचा रस्ता कोणता.

मग पहिल्या दिवसापासून इंग्रजी माध्यम घेतलं तर इंग्रजी जास्त पक्कं होणार नाही का?

असं वाटणं साहजिक आहे. पण जिथे जिथे नीट तपासलं गेलं, तिथे बहुतेक वेळा उलटं दिसलं.

दक्षिण आफ्रिकेत गरीब मुलं पहिली तीन वर्षं काही शाळांत स्वतःच्या भाषेत शिकत आणि चौथीपासून इंग्रजीत जात. काही शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी होतं. स्टीफन टेलर आणि मारिसा फॉन फिंटेल यांनी २०१६मध्ये दोन्ही गटांचं चौथी ते सहावीतलं इंग्रजी ताडून पाहिलं. आधी आपल्या भाषेत शिकलेल्या मुलांचं इंग्रजी सरस निघालं. नायजेरियात इफे इथे १९७०पासून तर सहाही वर्षं प्राथमिक शिक्षण योरुबा भाषेत देऊन पाहिलं. इंग्रजी हा एक विषय होता, पण त्याला इंग्रजी उत्तम येणारा खास शिक्षक होता. ती मुलं इतर विषयांत पुढे गेली आणि इंग्रजीतही मागे राहिली नाहीत.

असं का होतं? वाचायला माणूस एकदाच शिकतो. अक्षराला आवाज असतो, आवाजांचा शब्द होतो, शब्दाला अर्थ असतो हे एका भाषेत उमगलं की दुसऱ्या भाषेत फक्त अक्षरं नवी असतात. अर्थच ठाऊक नसलेल्या भाषेत ही उमज येत नाही, मूल चित्रासारखे शब्द पाठ करतं. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी आणखी एक भेद दाखवून दिला. खेळण्याबोलण्याची दुसरी भाषा साधारण दोन वर्षांत येते. त्याच भाषेत भूगोलाचा धडा समजून उत्तर लिहिण्याएवढी तयारी व्हायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात. सीनियर केजीतलं पोर पाहुण्यांसमोर कविता म्हणतं तेव्हा आईबापांना वाटतं, इंग्रजी आलं! ते आलेलं असतं बोलण्यापुरतं, अभ्यासाची भाषा अजून लांब असते.

आणि हेही लक्षात असू द्या: महाराष्ट्रात २०००पासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. मराठी माध्यम म्हणजे इंग्रजीशिवायची शाळा हा समज जुना झाला.

कमी फीच्या इंग्रजी शाळेत नेमकं काय बिघडतं?

सगळ्याच बिघडलेल्या नसतात, हे आधी सांगते. पण वस्तीच्या तोंडाशी दोन गाळ्यांत भरणाऱ्या शाळांत मी जे वर्षानुवर्षं पाहते ते असं. बाई फळ्यावर इंग्रजी लिहितात आणि समजावतात हिंदीत, कारण त्यांनाही इंग्रजी अडखळतच येतं. त्यांचा पगार इतका कमी असतो की वर्षातून दोनदा बाई बदलतात. मूल घरी मराठी बोलतं, वर्गात हिंदी ऐकतं, वहीत इंग्रजी उतरवतं आणि परीक्षेला तीच उत्तरं पाठ लिहितं. सहावीतल्या एका मुलीने मला झाडाच्या अन्न तयार करण्याची व्याख्या इंग्रजीत न अडखळता म्हणून दाखवली. बाहेर तुळस होती. मी विचारलं, ही तुळस कुठून जेवते? ती म्हणाली, "मातीतून." व्याख्येत जे ती रोज म्हणत होती, त्याच्या बरोबर उलटं. चूक तिची नव्हती. तिला तो धडा कधी भेटलाच नव्हता.

आठवीपर्यंत हे सारं बहुधा झाकून राहतं, मूल वरच्या वर्गात जात राहतं. नववीत एकदम उघडं पडतं. तिथूनच गळती सुरू होते. मुलगा हळूच डिलिव्हरीच्या कामाला लागतो, मुलीला घरी बसवतात. माध्यमाचा गरिबीशी संबंध विचाराल तर मी या नववीच्या वर्गाकडे बोट दाखवीन.

पैशाचा हिशेब कसा करायचा?

फी हा खर्चाचा एक भाग झाला. त्यात गणवेश, पुस्तकं, व्हॅन, वार्षिक सोहळ्याचे कपडे, आणि सगळ्यात मोठा म्हणजे क्लास. आईवडिलांना अभ्यास घेता येत नाही म्हणून पहिलीच्या मुलालासुद्धा क्लास लावावा लागतो. शाळा आणि क्लास मिळून घरातल्या दोन कमावत्यांपैकी एकाची निम्मी कमाई खाणारी घरं माझ्या वस्तीत आहेत. त्यासाठी बचतगटातून कर्ज काढलेलंही मी पाहिलं आहे.

पालिकेच्या शाळेत फी नाही, आठवीपर्यंत दुपारचं जेवण आहे, आणि गणवेश, दप्तर, बूट, वह्या धरून २७ शालेय वस्तू मोफत मिळतात. शिक्षण हक्क कायद्यातून (आरटीई) खासगी शाळेत २५ टक्के जागांवर मोफत प्रवेश मिळतो, अर्ज जरूर करा. पण तो मोफत काळ आठवीपर्यंतच आहे. नववीला त्याच शाळेची पुरी फी तुमच्या दारात येते, आणि त्या वर्षी ती भरायची कशी हा विचार पहिलीतच करून ठेवा.

आणखी एक गोष्ट पालकांना बहुधा ठाऊक नसते. आठवीत एनएमएमएस या सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा असते. साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातली मुलं त्याला बसू शकतात. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत गेलेलं मूल कितीही हुशार असो, त्याला ती मिळत नाही.

मी स्वतः चौथी शिकले. मी मुलाचा अभ्यास काय घेणार?

ताई, चौथी खूप झाली. आमच्याकडे एक आई येते, चार घरची धुणीभांडी करते. मुलगी पालिकेच्या मराठी शाळेत दुसरीला. रात्री भाकऱ्या थापताना ती मुलीला समोर बसवून मोठ्याने धडा वाचायला लावते. एक ओळ गाळली की तव्यावरची नजर न हलवता म्हणते, "मागं जा, काहीतरी चुकलं." तिला ते ऐकून कळतं, कारण गोष्ट मराठीत आहे. तिची थोरली मुलगी इंग्रजी माध्यमात होती. तिच्या वेळी हीच आई दाराशी बसून असायची, वही उघडायची हिंमत होत नव्हती. डायरीतली सूचना वाचून घ्यायला शेजारच्या कॉलेजातल्या मुलाकडे जायची. पालकसभेला जाणं तिने बंद केलं होतं, कारण तिथे बोलायची लाज वाटायची.

आईला वही वाचता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. ती क्लासने भरून निघत नाही.

आमच्या घरात मराठी नाही. मग हे सगळं आम्हाला लागू आहे का?

तुम्हाला तर जास्तच. २०११च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४४ लाख आणि हिंदी सांगणारे सुमारे ३६ लाख होते. पण त्या 'हिंदी'च्या पोटात भोजपुरी आहे, अवधी आहे, राजस्थानातल्या बोली आहेत. जौनपूरहून आलेल्या घरातलं मूल हिंदी माध्यमात गेलं तरी पुस्तकातली हिंदी त्याला अर्धी परकीच असते. तरी ती ओळखीच्या अंतरावर असते, इंग्रजीसारखी सात समुद्रापार नसते.

मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमीळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. एवढ्या भाषांत शिकवणारं शहर म्हणून मला मुंबईचा अभिमान वाटतो. पण धारावीतल्या तमीळ घराला मी हेही सांगते की वरच्या वर्गांत तमीळची वाट अरुंद होत जाते आणि अकरावीला जवळजवळ संपते. त्यामुळे तिथे प्राथमिक तमीळमध्ये आणि सोबतीला मराठी-इंग्रजी पहिल्यापासून ऐकण्या-बोलण्यात पक्कं, असं धरून चालावं लागतं.

मराठी माध्यमातही सगळं आलबेल नाही. आरे कॉलनीच्या पाड्यांवर वारली बोलणारी मुलं आहेत. आमच्या वस्तीत वडारी आणि गोरमाटी बोलणारी घरं आहेत. या मुलांना आपली पुस्तकी मराठी परकी वाटते आणि वर्गात त्यांच्या बोलीला हसलं जातं. एका वडार समाजाच्या मुलाने वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. त्याच्या बाईंनी त्याला मंद ठरवलं होतं. आमच्याकडे त्याने त्याच्या भाषेत दगड फोडण्याच्या हत्यारांची नावं सांगितली, प्रत्येकाचा उपयोग सांगितला, आम्ही ती फळ्यावर देवनागरीत लिहिली. त्या दिवशी तो पहिल्यांदा फळ्याजवळ आला. शिक्षकाला मुलाच्या घरची पन्नास-साठ वाक्यं येत असतील तर पहिलीचं वर्ष वाचतं. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

सेमी इंग्रजी कसं?

गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. कुठे पहिलीपासून असतं, कुठे पाचवी, कुठे आठवीपासून. मुंबईत अकरावीचं विज्ञान इंग्रजीतच शिकावं लागतं, म्हणून मधला पूल म्हणून सेमी चांगलं आहे. मला पाचवीनंतरचं किंवा आठवीचं सेमी योग्य वाटतं. पहिलीपासून गणितच परक्या भाषेत गेलं, तर 'डिफरन्स'वाली फुली मराठी शाळेतही येते.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या कलम ३५०-अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करायची आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चं कलम २९ सांगतं की शक्य तिथवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेत असावं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत घरची भाषा असं म्हटलं आहे. पण २०१४मध्ये कर्नाटकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. माध्यम निवडायचा हक्क तुमचा आहे.

हा वाद मुंबईला नवा नाही. १८४०च्या दशकात इथल्या शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत होते आणि नाना शंकरशेट म्हणत होते की सामान्य लोकांपर्यंत ज्ञान न्यायचं तर ते देशी भाषांतूनच. पावणेदोनशे वर्षं झाली.

पहिलीपासून हिंदीला विरोध झाला, मग इंग्रजी कसं चालतं?

एप्रिल २०२५मध्ये सरकारने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचा निर्णय काढला, विरोध झाला आणि २९ जूनला तो मागे घेतला. माझं मत राजकारणाचं नाही, वर्गातलं आहे. सहा वर्षांच्या मुलाने एकाच वर्षी तीन भाषांचं वाचन-लेखन सुरू करू नये. मुंबईतल्या मुलाला हिंदी गल्लीत, टीव्हीवर, बसमध्ये तशीही येते. इंग्रजीही पहिलीत ऐकण्या-बोलण्यापुरतीच असावी, लिहिण्याचा भार तिसरीनंतर.

तुमची मुलं इंग्रजीत शिकणार आणि आमच्या मुलांना मराठीत ठेवायला सांगता. हा अन्याय नाही का?

हा प्रश्न मला एका बापाने भर सभेत विचारला होता, आणि विचारायलाच हवा होता. मातृभाषेचं कौतुक करणाऱ्या किती पुढाऱ्यांची, साहित्यिकांची, अधिकाऱ्यांची नातवंडं पालिकेच्या मराठी शाळेत आहेत? त्यांच्या घरात इंग्रजी भिंतीभिंतीत आहे, म्हणून त्यांना माध्यमाने फारसं बिघडत नाही. ज्यांना शतकानुशतकं विद्येपासून लांब ठेवलं, त्यांना इंग्रजीत सुटकेची वाट दिसली यात नवल काय! सावित्रीबाई फुल्यांनी १८५४मध्येच इंग्रजीला माउली म्हटलं होतं.

मी त्या बापाला सांगितलं: इंग्रजी हा तुमच्या मुलीचा हक्क आहे आणि तो कुणी काढून घेत असेल तर भांडा. पण इंग्रजी शाळेची पाटी म्हणजे इंग्रजी नव्हे. पालिकेच्या शाळेत इंग्रजी नीट येणारे शिक्षक मागा, रोज एक तास बोलण्याचा मागा, इंग्रजी पुस्तकांचं कपाट मागा. माझी मुलगी मराठी शाळेत शिकली, पाचवीनंतर सेमी. हे मी त्याला सांगितलं कारण त्याने विचारलं होतं. त्याने तरी मुलीला इंग्रजी माध्यमातच घातलं. ती आमच्या अभ्यासिकेत येते आणि आम्ही तिला धडे आधी मराठीत सांगतो.

मूल चौथीत आहे, इंग्रजी माध्यमात मागे पडतंय. आता बदलू का?

आधी तपासा. कुठल्याही भाषेतली एक परिच्छेदाची गोष्ट वाचून त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते का? घरच्या भाषेत सांगता येत असेल आणि इंग्रजीत येत नसेल, तर अडचण माध्यमाची आहे. दोन्हीत नसेल तर नुसतं माध्यम बदलून भागणार नाही, वाचनच मुळापासून घ्यावं लागेल.

पाचवीपर्यंत बदल सोपा जातो. सातवीनंतर मी शक्यतो बदलायला सांगत नाही, तिथे मदत वाढवावी. बदलताना मुलाशी बोला. "तुला जमलं नाही म्हणून काढलं" असं त्याला वाटलं तर नवी शाळाही त्याला शिक्षा वाटते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मूल मागे असेल तर त्याला जादा शिकवायचं, ही शाळेची जबाबदारी आहे.

शाळा बघायला गेल्यावर काय पाहू?

इमारत आणि संगणक नंतर. दुसरीच्या वर्गाबाहेर दहा मिनिटं उभ्या राहा. मुलं प्रश्न विचारतात का ऐका. फक्त बाईंचा आवाज आणि मग सगळ्यांचा एक सूर ऐकू येत असेल तर तिथे पाठांतर चाललं आहे. एखाद्या मुलाची वही मागा आणि त्यालाच विचारा, हे काय लिहिलंयस? बाई किती वर्षं त्या शाळेत आहेत तेही विचारा.

गावाहून आलोय, जन्मदाखला नाही. जुनी शाळा फी थकली म्हणून दाखला देत नाही. प्रवेश मिळेल का?

मिळेल. वयाचा पुरावा नाही म्हणून पहिली ते आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेला मूल परत पाठवता येत नाही. सत्र सुरू झालं असलं तरी जा. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर नकार लेखी मागा आणि तो कागद घेऊन वॉर्डातल्या पालिकेच्या शिक्षण विभागात जा. लेखी मागितलं की बहुतेक वेळा प्रवेश तिथल्या तिथेच होतो. सकाळी अकराच्या आधी गेलात तर बरं, आणि मुलालाही सोबत न्या.